माजी सैनिकांच्या घरांसाठी मानसोपचाराची घडी कशी बसवावी? (निफाड, सिन्नर, नाशिक रोड)

निफाडकर_संपर्क

नमस्कार मंडळी. निफाड आणि सिन्नर तालुक्यांतल्या माजी सैनिक संघटनेचं काम बघतो. यादीवर सव्वाशेच्या आसपास घरं आहेत. तोफखान्यातले सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल मराठा लाइट इन्फंट्री आणि महार, थोडे ओझरचे हवाईदलवाले. बरेच जण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी आलेले. म्हणजे मुलं अजून शाळेत, घराचे हप्ते चालू आणि नोकरी म्हणाल तर सिन्नरच्या एमआयडीसीत नाहीतर बँकेच्या दारात सिक्युरिटी. वीरपत्नी आणि इतर विधवा भगिनी वीस-पंचवीस असतील.

प्रत्येक बैठकीत एकच विषय घुटमळतोय. झोप लागत नाही, रात्री दचकून उठतात, कॅन्टीनची बाटली महिनाभर पुरत नाही, घरात शब्दाला शब्द वाढतो. काहींनी माणसांत येणंच सोडलंय. औषधं सुरू करून परस्पर बंद केलेलेही आहेत.

कार्यकारिणीचा बेत असा: मंगल कार्यालय घ्यायचं, मानसोपचारतज्ज्ञ बोलवायचे, दीड तास व्याख्यान, मग तपासणी, मग जेवण. चाळीसेक हजार जमतील. हे करावं का? नसेल तर त्या पैशात काय करावं? ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) मानसोपचार घेताना लोक नेमके कुठे अडकतात? आणि बायकामुलांचं काय? भाषण नको, क्रमाने काय करायचं ते हवंय.

लॅमरोड_अण्णा

निफाडकर दादा, जेवण आणि मंगल कार्यालय आधी यादीतून काढा. सगळ्या भाऊबंदांसमोर "मानसिक तपासणी" लिहिलेल्या टेबलापुढे उभं राहणारा फौजी मला दाखवा. जे येतील ते बहुतेक ठणठणीतच असतील. समजा आठ-दहा खरे गरजू आले, तरी डॉक्टर पंधरा दिवसांची चिठ्ठी देऊन निघून जातील आणि सोळाव्या दिवशी गोळी कुठून आणायची हे कुणालाच ठाऊक नसेल. पैसे लावायचेच तर नंतरच्या तीन महिन्यांवर लावा: येण्याजाण्याचं भाडं, फोन, आणि कागद नीट करणारा एक माणूस.

कागदापासून सुरुवात करा, कारण गाडी तिथेच अडते. यादीतल्या प्रत्येक घरासमोर चार रकाने आखा: ईसीएचएस कार्ड आहे का, बायकोचं वेगळं कार्ड आहे का, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधारवरचं नाव जुळतं का, पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला भरलाय का.

ईसीएचएस योजना सुरू झाली १ एप्रिल २००३ ला. त्यानंतर पेन्शनवर आलेल्यांना सदस्यत्व आपोआप. त्याआधीच्या कितीतरी जणांनी पैसे भरावे लागतील म्हणून कार्डच काढलं नाही. पण १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे, युद्धातल्या वीरपत्नींनाही. त्यामुळे १९८८ ला घरी आलेल्या नाईकाची विधवा आजही खाजगी डॉक्टरला खिशातून पैसे देत असेल, तर ते निव्वळ माहिती न पोचल्यामुळे. बाकीच्यांसाठी एकदाच भरायची रक्कम हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये.

नावाचा घोळ सगळ्यांत चिवट. पीपीओवर "सुमनबाई", आधारवर "सुमन", रेशनकार्डावर तिसरंच. नवरा गेल्यावर कार्ड तिच्या नावे करताना हे सगळं वर येतं आणि त्या दोन-चार महिन्यांत तिच्या गोळ्या बंद पडतात. दुरुस्ती ज्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते. तोफखान्याचं रेकॉर्ड आपल्या नाशिक रोड कॅम्पलाच आहे, म्हणजे तुमच्या निम्म्या यादीचं काम घरच्या अंगणात. मराठाचं बेळगावला आणि महारचं मध्य प्रदेशात सागरला. तिकडची प्रकरणं टपालाने पाठवावी लागतात, म्हणून ती आधी हातात घ्या. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर जावक क्रमांक मिळतो, मग पाठपुराव्याला काहीतरी धरायला असतं.

आता प्रत्यक्ष उपचार. आधी देवळालीच्या पॉलिक्लिनिकमध्ये (ईसीएचएसचा दवाखाना) मेडिकल ऑफिसरना भेटायचं, त्यांनी रेफरल दिला की पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेची मान्यता असलेल्या रुग्णालयात. रेफरल हातात पडल्यावर तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचा: विभाग मानसोपचारच लिहिलाय का, मुदत कुठवर आहे, आणि समुपदेशनाचा उल्लेख आहे का. नुसतं "तपासणी व सल्ला" लिहिलेलं असेल तर रुग्णालय समुपदेशनाचं बिल वेगळं लावू शकतं आणि वाद काउंटरवर सुरू होतो. पॅनेलची यादी बदलत असते. मागच्या वर्षीच्या फोटोवर विसंबू नका, पॉलिक्लिनिकला फोन करून विचारा.

तातडीच्या वेळी रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या रुग्णालयात कार्ड दाखवून थेट दाखल करा. पॅनेलबाहेरचं गाठावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं आणि कळवल्याची पोच जपायची. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं आणि रुग्णालयाने दिलेला तातडीचा दाखला जोडून नंतर दावा करायचा. परतावा सरकारी दराने मिळतो, म्हणजे बिलाएवढा मिळेलच असं नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

ज्यांचं कार्डच नाही त्यांनी थांबू नये. त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या वारी तालुक्यांनाही जाते. निफाड-सिन्नरचे वार सिव्हिलमधून विचारून घ्या आणि कार्यालयाच्या फळ्यावर लिहा.

बोफोर्सवाला

अण्णांशी सहमत. एक भर. यादीत तोफखान्याचे जास्त आहेत ना, मग दार कानांतून उघडा.

तोफेच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. समोरासमोर शांत खोलीत गप्पा मारल्या तर सगळं कळतं. पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही चालू असताना बायकोचं वाक्य अर्धवट पोचतं. ती दोनदा बोलते, तिसऱ्यांदा ओरडते, हा भडकतो. ती म्हणते मुद्दाम दुर्लक्ष करतात, मुलं म्हणतात बाबा सारखे चिडतात. त्यात कानात सतत शीळ वाजत असेल तर रात्र संपतच नाही. असा माणूस लग्नाला जात नाही, पारावर बसत नाही, आणि सगळे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. कधी नुसते कान असतात, कधी कान आणि मन दोन्ही. ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) केल्याशिवाय कळत नाही, आणि कानाच्या डॉक्टरचा रेफरलसुद्धा पॉलिक्लिनिकमधूनच मिळतो. श्रवणयंत्राचंही तिथेच विचारा.

बोर्डावर लिहा: कान, झोप, बीपी, साखर. फौजी येतो. फक्त फसवाफसवी नको. झोपेच्या टेबलावर मनाचेही प्रश्न विचारणार आहोत आणि उत्तर द्यायचं की नाही ते तुमच्यावर, हे बसल्या बसल्या सांगायचं.

मनोविभाग_सिस्टर

बोफोर्सवाल्या दादांची कानाची सूचना खरंच कामाची. झोपेच्या टेबलावर काय करायचं ते मी लिहिते.

तीन छोट्या प्रश्नावल्या पुरतात. पीएचक्यू-९: मागच्या दोन आठवड्यांतल्या उदासपणाबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण २७, दहा किंवा जास्त आले तर डॉक्टर. मराठीत उपलब्ध आहे. ऑडिट: दारूबद्दल दहा प्रश्न, आठ किंवा जास्त आले तर सावध, वीस किंवा जास्त आले तर बहुधा व्यसन जडलेलं. आणि आघातानंतरच्या त्रासासाठी पाच प्रश्नांची हो-नाही यादी, पीसी-पीटीएसडी-५. तीन "हो" आले की पुढे पाठवा. हे निदान नाही, चाळणी आहे. कागदावर "पीटीएसडी" असं काही लिहून देऊ नका. ते घरात गेलं की भिंतीवर लागतं आणि नोकरीच्या ठिकाणी पोचतं.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्या माणसाला घरी पाठवून "फोन करतो" म्हणायचं नाही. त्याच दिवशी, बाजूच्या खोलीत, शांतपणे विचारायचं: मरणाचे विचार येतात का, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन जवळ आहे का. स्पष्ट विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा समज चुकीचा आहे. उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. टेबलावर बसणाऱ्याला हे तीन प्रश्न न अडखळता विचारता यायला हवेत, नाहीतर त्याला बसवू नका. आदल्या आठवड्यात सराव करून घ्या.

रक्तात टीएसएच, बी-१२, साखर आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा. थायरॉइड मंदावला असेल किंवा बी-१२ कमी असेल तर सुस्ती, विसरभोळेपणा, उदासपणा सगळं डिप्रेशनसारखं दिसतं. मोठ्याने घोरणारा आणि दिवसा पेंगणारा असेल तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी सांगा. अशा माणसाला कुणी झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडतो.

आता औषधं लोक का सोडतात ते. डिप्रेशन आणि आघातानंतरच्या त्रासासाठी सहसा सर्ट्रालीनसारख्या गोळीपासून सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, अस्वस्थपणा वाढतो. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. म्हणजे आधी त्रास, मग आराम. हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून पाचव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. दुसरी गळती महिन्याच्या शेवटी. पॉलिक्लिनिकमध्ये तीच गोळी दुसऱ्या कंपनीची मिळते, पांढरीची पिवळी होते, आणि माणूस म्हणतो चुकीचं औषध दिलं. पाकिटावरचं कंपनीने दिलेलं नाव न बघता खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून बघायला घरातल्या एकाला शिकवा. शिवाय "आता बरं वाटतं" म्हणून तिसऱ्या महिन्यात एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड सुरू होते. लोक त्याला गोळीची सवय लागली म्हणतात. बरं वाटल्यावरही बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते आणि बंद करताना हळूहळू कमी करावी लागते.

वाईट स्वप्नांसाठी काही डॉक्टर प्राझोसिन देतात. ते मुळात बीपीचं औषध. पहिल्या रात्री उठताना भोवळ येऊन पडण्याची शक्यता, म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. बीपीची दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असलेल्यांनी एप्रिल-मेमध्ये जपायचं. द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या शेतात घाम गाळला, पाणी कमी पडलं, त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. लिथियमची रक्ततपासणी गोळीनंतर बारा तासांनी करतात. सकाळी गोळी खाऊन रक्त दिलं तर आकडा चुकीचा येतो.

रोज रात्री झोपेसाठी किंवा भीतीसाठी दिलेल्या शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल कडक राहा. आघातानंतरच्या त्रासावर त्या मूळ इलाज नाहीत, सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर जिवावर बेततं.

दारूचं एक वेगळं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने गडावर शपथ घेऊन किंवा माळ घालून एका दिवसात सोडली, हे ऐकायला चांगलं वाटतं. पण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान माणूस भ्रमात जातो. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय म्हणतो. मग घरचे बाहेरचं बघायला नेतात. हा जीवघेणा प्रकार आहे, थेट रुग्णालय. गावातला डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावत असेल तर आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायची विनंती करा. माळ जरूर घालावी, फक्त सोडण्याचा आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. आणि घरच्यांनी जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळू नये. वरून दारू प्यायला तर बीपी कोसळू शकतं.

बोलण्याचे उपचार म्हणाल तर आघातावर काम करणारी पद्धत साधारण आठ ते पंधरा बैठकांची असते, आठवड्याला एक. सिन्नरच्या पलीकडून दर आठवड्याला नाशिकला येणं जमत नाही आणि चौथ्या बैठकीला माणूस गळतो. पहिल्या दोन-तीन समोरासमोर आणि मधल्या काही व्हिडिओवर जमतील का, हे आधीच ठरवा. समुपदेशक निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा. विचारायला लाजायचं नाही.

निफाडकर_संपर्क

अण्णा, दादा, सिस्टर, मनापासून आभार. शिबिराचा बेत बदलायला कार्यकारिणी बहुधा तयार होईल. दोन अवघड प्रश्न उरले. एक, काहींकडे परवान्याची बंदूक आहे, सिक्युरिटीच्या नोकरीसाठी घेतलेली. दोन, माणूस यायलाच तयार नसेल आणि घरात मारहाण होत असेल तर?

मनोविभाग_सिस्टर

बंदुकीचं आधी. जिवाच्या विचारांचं थोडंही कानावर आलं तर हत्यार घराबाहेर गेलं पाहिजे, कपाटाला कुलूप पुरत नाही. निवडणुकीच्या वेळी हत्यारं जमा करायची सवय सगळ्यांना आहे, तसंच. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. त्याला विश्वासात घेऊन, शक्यतो त्याच्याच पलटणीतल्या जुन्या सोबत्याकडून सांगितलं तर ऐकतो. नोकरी जाईल ही भीती असते, म्हणून काही काळ बिनहत्यारी ड्युटी मिळते का हे कंपनीशी बोलायचं काम संघटनेने घ्यावं, कारण न सांगता.

पण आपल्या भागात बंदुकीपेक्षा मोठा धोका शेडमध्ये उभा असतो. द्राक्षबागेची फवारणीची औषधं. लोखंडी पेटी, कुलूप, किल्ली घरातल्या दुसऱ्याकडे. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं घरी ठेवायचं नाही. अशी इच्छा बहुतेकदा थोड्या वेळापुरती अनावर होते, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. कुणी घेतलंच तर उलटी काढायला मीठपाणी पाजू नका, दूध पाजू नका. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, कातडी धुवा, कुशीवर झोपवा, १०८ लावा, आणि डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. कुठलं औषध ते कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

शुद्धीवर आल्यावर घरचे पोलिस केसच्या भीतीने पळवून नेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, घाबरून उपचार अर्धवट सोडू नका.

सिडको_समुपदेशक_ताई

मारहाणीचं मी घेते. सिस्टर रुग्णाकडून बोलल्या, मी घरातल्या बाईकडून बोलते.

आजार आहे म्हणून मार खाणं हा उपचाराचा भाग नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात: तिची सुरक्षितता आणि त्याचा इलाज. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे आकडे तिच्या फोनमध्ये वेगळ्या नावाने टाकून द्या. मुलांसाठी १०९८. कागदपत्रं, पीपीओची प्रत, ईसीएचएस कार्ड आणि थोडे पैसे एका पिशवीत शेजारी किंवा माहेरी ठेवायला सांगा. संघटनेतल्या पुरुषांनी घरी जाऊन "वहिनी, समजून घ्या, फौजी माणूस आहे" असली मध्यस्थी अजिबात करू नये. मध्यस्थी करणारे चहा पिऊन जातात आणि रात्री तिलाच भोगावं लागतं.

आता यायला तयार नसलेला माणूस. पहिली पायरी, तो येत नसला तरी ती येऊ शकते. पॉलिक्लिनिकमध्ये तिचं स्वतःचं कार्ड चालतं, तिच्या नावाने वेगळा रेफरल मिळतो. वर्षानुवर्षं जागरण काढलेल्या बाईला स्वतःचंही डिप्रेशन असतं, आणि तिचा उपचार सुरू झाला की घरातलं भांडण पेटण्याआधी थांबवण्याचं बळ येतं. नवऱ्याचं लक्षण म्हणून तिचं दुखणं नोंदवू नका. बोलताना तिला सासूसमोर बसवू नका, दिरासमोर तर नाहीच. वेगळी खोली, आणि ऐकणारी बाई. तुमच्या यादीतल्या दोन-तीन शिकलेल्या, तोंडावर बोट ठेवू शकणाऱ्या वीरपत्नी किंवा निवृत्त शिक्षिका शोधा आणि त्यांना सिस्टर म्हणतात तसं प्रशिक्षण द्या. मुलांचं दिसतं कुठे? अंथरूण ओलं होणं परत सुरू होतं, शाळेत पोट दुखतं, मोठा मुलगा बापासारखा ओरडायला लागतो. वर्गशिक्षकांना गाठा, त्यांना आधी कळतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही, त्यामुळे बायका पहिला फोन तिथे करायला कचरत नाहीत. फोन लावायला भीती वाटत असेल तर कार्यकर्तीने शेजारी बसून लावून द्यावा. ज्यांचा भाऊ किंवा मुलगा अजून नोकरीत आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यासाठीचा वेगळा टेली-मानस कक्षही आहे.

माणूस खरोखरच धोक्याच्या टोकाला गेला आणि नकारच देत असेल तर कायद्यात वाट आहे. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. तातडीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. ही शेवटची पायरी आहे, धमकी म्हणून वापरायची नाही. "ठाण्याच्या मनोरुग्णालयात टाकू" हे वाक्य एकदा कानावर पडलं की तो माणूस पुन्हा कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. उलट बरा असताना, शांत बसून, त्याच्याकडूनच कागद करून घ्या: प्रतिनिधी कोण आणि आजारपणात कसे उपचार हवेत, कसे नकोत. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. आपल्याकडे कुणी करत नाही, पण फौजीला लेखी हुकूम समजतो, त्यामुळे जमतं.

रेकॉर्ड_रूम

पेन्शनचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. नोकरीत असताना एस फॅक्टरमध्ये (मानसिक आरोग्याच्या रकान्यात) मेडिकल कॅटेगरी खाली गेली असेल तर रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद, एएफएमएसएफ-१६, शोधा. त्यात टक्केवारी आणि "सेवेशी संबंध आहे की नाही" हा रकाना बघा. "नाही" लिहून दावा फेटाळलेला असेल तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, मुंबई खंडपीठ. शेवटच्या आदेशापासून न्यायाधिकरणात जायची मुदत सहा महिने. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती तर माणूस तंदुरुस्त होता असं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सांगितलंय. अर्जात तो उल्लेख करा. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांचं प्रकरण वकिलाला दाखवूनच पुढे न्या.

दुसरं, घरात मोठं झालेलं पण मानसिक आजाराने कमावू न शकणारं मूल असेल तर वडील हयात असतानाच त्याचं नाव पीपीओत चढवा. युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड सिव्हिलमधून. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेच. ४० टक्के किंवा जास्त आले तर वयाच्या पंचवीस वर्षांनंतरही ईसीएचएसचं अवलंबित्व चालू राहतं आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क. आई-वडील दोघंही गेल्यावर हे करायला गेलात तर त्या पोराच्या बाजूने सही करायलाच कुणी नसतं.

बोफोर्सवाला

अग्निवीर पोरं पण यादीत घ्या राव. चार वर्षांनी जे परत येतील त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. त्यांची सोय सिव्हिल आणि १४४१६ वरच करावी लागेल.

लॅमरोड_अण्णा

घेतलंच पाहिजे.

दादा, शेवटचं, पाठपुराव्याचं वेळापत्रक सांगतो, चाळीस हजार तिथे लावा. पहिली चिठ्ठी मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी फोन: गोळी घेतली का, मळमळ होतेय का. दहाव्या दिवशी: फरक नाही म्हणत असेल तर सिस्टरनी सांगितलेले आठवडे समजवा. पंचविसाव्या दिवशी: गोळ्या किती उरल्या, देवळालीला कोण जाणार. औषध तिथे नसेल तर ते नसल्याची नोंद चिठ्ठीवर करून घ्या, मगच बाहेरून विकत घ्या, म्हणजे बिल मागता येईल. सिन्नर आणि निफाडहून दोन-दोन घरं एकाच दिवशी धरली तर एका गाडीत काम होतं.

फोन करणारा एकच माणूस ठेवा, दर वेळी नवा नको. आणि वही कागदाचीच, नावांऐवजी क्रमांक, नावांची यादी वेगळी कुलपात. डॉक्टर गुप्तता पाळायला कायद्याने बांधलेले आहेत, संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. "अमुक साहेबांना आज दवाखान्यात नेलं, लवकर बरे व्हा" असा हात जोडलेला मेसेज ग्रुपवर पडला तर तो माणूस पुढच्या वेळी गाडीत बसणार नाही, आणि त्याचं बघून बाकीचे पण नाही.